पहिल्या घराची बोली : किंमत, टोकन आणि करार

महाराष्ट्रातल्या शहरांत जुना फ्लॅट विकत घेताना खरेदीदाराने लेखी प्रस्ताव द्यायचा आणि मालकाने तो लेखी स्वीकारायचा, अशी पद्धत नाही. फ्लॅट दोन-तीनदा पाहून होतो, एजंट ‘फायनल किती म्हणताय?’ असे विचारतो, मग मालकाच्या दिवाणखान्यात बैठक बसते. चहा होतो, थोडी घासाघीस होते, आकडा ठरतो आणि बहुतेक वेळा त्याच संध्याकाळी ५१ हजार किंवा लाखभर रुपयांचे टोकन मालकाच्या खात्यात जमा होते. कागदपत्रांची तपासणी, बँकेची मंजुरी, सोसायटीचे पत्र, वकिलाचा मसुदा हे सगळे त्यानंतर सुरू होते.

पहिल्यांदा घर घेणाऱ्याचा गोंधळ या क्रमामुळे होतो. किती म्हणायचे, कोणत्या आधारावर म्हणायचे आणि म्हटलेल्या शब्दाने आपण कधी बांधले जातो, हे तीन वेगळे प्रश्न त्याच्यासमोर एकाच बैठकीत येऊन पडतात. एजंट, वकील, बँकांचे अधिकारी, कर सल्लागार आणि ग्राहक चळवळीतले कार्यकर्ते त्यांची वेगवेगळी उत्तरे देतात. ही उत्तरे आज कुठवर आली आहेत आणि काय अजून मोकळे आहे, ते या लेखात क्रमाने पाहू.

पार्श्वभूमी : दोन बाजार, दोन कायदे

घर विकणारा बिल्डर असेल तर खरेदीदाराचे संरक्षण महाराष्ट्रात १९६३ पासून सुरू होते. त्या वर्षीच्या फ्लॅट मालकी कायद्याने, म्हणजे ‘मोफा’ने, बिल्डरला किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त आगाऊ रक्कम घेण्यास बंदी केली आणि कोणतीही रक्कम घेण्याआधी लेखी करार करून तो नोंदवणे बंधनकारक केले. प्रत्यक्षात साध्या बुकिंग फॉर्मवर लाखो रुपये घेतले जात राहिले. पुढे २०१६ चा रेरा कायदा आला, १ मे २०१७ पासून महारेरा या राज्य प्राधिकरणाचे काम सुरू झाले आणि ही मर्यादा १० टक्क्यांवर आली. चटई क्षेत्राची व्याख्या कायद्यात आली, त्यामुळे सुपर बिल्टअपच्या आकड्यांवर भाव सांगण्याच्या रिवाजाला आळा बसला. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवणे सक्तीचे झाले. २०२२ मध्ये महारेराने वाटपपत्राचा आदर्श नमुना ठरवून दिला. बुकिंग रद्द केल्यास किती कापायचे, तेही त्यात लिहिले : पहिल्या १५ दिवसांत काहीही नाही, त्यानंतर दिवसांप्रमाणे वाढत जाऊन घराच्या किमतीच्या दोन टक्क्यांपर्यंत.

विकणारा तुमच्या-आमच्यासारखा फ्लॅटमालक असेल तर यातले काहीच लागू होत नाही. पुनर्विक्रीचा व्यवहार चालतो तो १८७२ च्या करार कायद्यावर आणि १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यावर. त्या कायद्यांत टोकन किती असावे, पावतीत काय लिहावे किंवा किती दिवसांत माघार घेता यावी, यावर एक अक्षर नाही. म्हाडा आणि सिडकोच्या सोडतीतल्या घरांना किंमत ठरलेली असते, तिथे बोलीचा प्रश्नच येत नाही. नव्या प्रकल्पात बोलणी होतात ती मजल्यागणिक वाढणाऱ्या दरावर, पार्किंगवर आणि ‘ऑल इन’ आकड्यात काय काय धरले आहे यावर. त्यात बांधकाम सुरू असलेल्या घरावरचा पाच टक्के जीएसटीही येतो, जो भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घरावर लागत नाही. पण खरी बोली, म्हणजे एका माणसाने दुसऱ्या माणसाला सांगितलेला आकडा, ती पुनर्विक्रीतच होते. म्हणून या आढाव्याचा भर तिच्यावर आहे.

किंमत कशावरून ठरवायची

बोलीच्या आकड्याबाबत तीन विचार दिसतात.

पहिला विचार नोंदणीच्या आकड्यांचा. मालक सांगतो ती अपेक्षा, संकेतस्थळावर दिसते ती जाहिरात आणि एजंट सांगतो तो अंदाज. झालेल्या व्यवहाराची किंमत फक्त नोंदणी व मुद्रांक विभागाकडे असते आणि त्या विभागाच्या ई-सर्चवर सूची क्रमांक दोन, म्हणजेच इंडेक्स टू, कोणालाही पाहता येतो. या एका पानाच्या उताऱ्यात पहिल्या रकान्यात विलेखाचा प्रकार, दुसऱ्यात मोबदला, तिसऱ्यात बाजारभाव, चौथ्यात घर क्रमांक, मजला व इमारतीचा तपशील आणि पाचव्यात क्षेत्रफळ असते. पुढे देणाऱ्या-घेणाऱ्यांची नावे, नोंदणीची तारीख आणि भरलेले मुद्रांक शुल्क येते. दुसरा रकाना म्हणजे प्रत्यक्ष ठरलेली किंमत. तिसरा म्हणजे रेडी रेकनरप्रमाणे निघालेले सरकारी मूल्य. त्याच इमारतीतले किंवा शेजारच्या सोसायटीतले गेल्या वर्षभरातले चार-पाच उतारे समोर ठेवले की मालकाच्या आकड्यातली हवा किती ते कळते, असे या विचाराचे म्हणणे.

यावर आक्षेपही तितकेच रास्त आहेत. पाचव्या रकान्यातले क्षेत्र कधी चटई, कधी बांधीव असते. दोन्ही एकाच फूटपट्टीवर आणल्याशिवाय दर काढला तर तो चुकतो. काही किमतींत पार्किंग धरलेले असते, काहींत नसते. जिथे रकमेचा काही भाग रोखीने दिला गेला तिथे मोबदल्याचा रकाना खरी किंमत सांगतच नाही. शिवाय शोध घ्यायला गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक माहीत असावा लागतो; नवख्याला तो गोळा करायलाच चार फेऱ्या लागतात.

दुसरा विचार भाड्याचा. घराची किंमत आणि त्याच घराचे वर्षाचे भाडे यांचे प्रमाण काढले, तर मुंबई-पुण्याच्या बऱ्याच भागांत भाडे किमतीच्या दोन-तीन टक्क्यांच्या आसपास येते. गृहकर्जाचे व्याज त्याच्या दुपटी-तिपटीने. म्हणून भाड्याच्या हिशेबात जी किंमत बसते तिच्यापलीकडे बोली नेऊ नये, असे काही आर्थिक सल्लागार सांगतात. याला उत्तर दिले जाते ते असे : घर ही फक्त गुंतवणूक नसते. मुलांची शाळा, आई-वडिलांना लागणारी लिफ्ट, दर अकरा महिन्यांनी नव्या भाडेकराराची टांगती तलवार नसणे, यांना भाड्याच्या गणितात रकाना नाही.

तिसरा विचार अनुभवी एजंट आणि बरेच घरमालक मांडतात. चांगले घर, म्हणजे मधल्या मजल्यावरचे, उजेडाचे, स्वच्छ कागदपत्रांचे, वारंवार येत नाही. दोन लाखांसाठी ते घालवले तर पुढचे घर पाच लाखांनी महाग पडते. यात एजंटचा स्वतःचा स्वार्थ असला तरी मुद्दा पोकळ नाही. जुन्या इमारतींत त्याला पुनर्विकासाच्या आशेची जोड मिळते : आज ४५० चौरस फूट असलेले घर उद्या ६०० चौरस फुटांचे होईल, म्हणून आजच जास्त द्या. सोसायटीचे अभिहस्तांतरण झाले आहे का, सर्वसाधारण सभेत ठराव झाला आहे का, विकासक नेमला आहे का, यांवर त्या आशेचे मोल ठरते. नुसत्या ‘लवकरच होणार’ या वाक्याचे मोल शून्य धरावे, यावर मात्र तिन्ही विचारांचे एकमत आहे.

किमतीला खालून एक सरकारी मर्यादाही आहे. मुद्रांक शुल्क लागते ते करारातली किंमत आणि रेडी रेकनरचे मूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर. आणि करारातली किंमत त्या मूल्यापेक्षा ठरावीक मर्यादेहून, साधारण १० टक्क्यांहून, कमी असेल तर फरक खरेदीदाराचे उत्पन्न समजून त्यावर आयकर लागू शकतो. मालक अडलेला आहे म्हणून फार खालची बोली लावून ती मान्य झाली, तरी तिचा फायदा काही प्रमाणात कराच्या रूपाने परत जातो. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन वर्षांत रेडी रेकनरचे दर स्थिर होते. १ एप्रिल २०२५ पासून ते वाढले, त्यामुळे ज्या भागांत प्रत्यक्ष भाव आणि सरकारी दर जवळजवळ आहेत तिथे हा मुद्दा पुन्हा महत्त्वाचा झाला आहे.

बोलीची कमाल मर्यादा : कर्ज आणि हातातली रक्कम

बँक अधिकाऱ्यांचे म्हणणे साधे आहे : आकडा म्हणण्याआधी कर्जाची पूर्वमंजुरी घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतचे कर्ज मालमत्तेच्या मूल्याच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांचे ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावरचे ७५ टक्क्यांपर्यंत देता येते. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च साधारणपणे या मूल्यात धरत नाहीत. बँकेचा मूल्यांकक घराचे मूल्य ठरलेल्या किमतीपेक्षा कमी सांगू शकतो, आणि मग कर्ज त्या कमी आकड्यावर मिळते. इमारत जुनी असेल तर तिचे उरलेले आयुष्य पाहून कर्जाची मुदतही कमी होऊ शकते.

पुण्यातले ८० लाखांचे एक घर उदाहरणादाखल घेऊ. ८० टक्के म्हणजे ६४ लाख कर्ज, १६ लाख स्वतःचे. मुद्रांक शुल्क ७ टक्क्यांनी ५ लाख ६० हजार, नोंदणी फी कमाल मर्यादेप्रमाणे ३० हजार, दलाली एक टक्का धरली तर ८० हजार. म्हणजे १६ लाखांची तयारी असलेल्या माणसाला प्रत्यक्षात २२ लाख ७० हजार लागतात. घर स्त्रीच्या नावावर घेतल्यास मुद्रांकात एक टक्क्याची सवलत आहे, ती या हिशेबात ८० हजारांची. बक्षीस मिळालेली वाटावी अशी ही रक्कम एकट्या दलालीत जाते.

आता याच घराच्या मालकाने ‘दहा रोखीत द्या, करार सत्तरचा करू’ असे म्हटले तर काय होते? मुद्रांक ४ लाख ९० हजारांवर येतो, ७० हजार वाचतात. पण कर्ज ७० लाखांच्या ८० टक्के, म्हणजे ५६ लाखच मिळते. खरेदीदाराला १४ लाख करारातले, १० लाख रोख, मुद्रांक, नोंदणी आणि पूर्वीइतकीच दलाली मिळून ३० लाख उभे करावे लागतात. ७० हजार वाचवण्यासाठी ७ लाख ३० हजार जास्त. मालकाची बाजू अशी मांडली जाते की भांडवली नफ्यावरचा कर त्याच्या अंगावर येतो आणि पूर्वीच्या मालकाला त्यानेही रोख दिली होती. २३ जुलै २०२४ नंतरच्या नियमांत त्या तारखेआधी घेतलेल्या घरांसाठी निवासी भारतीयाला महागाई निर्देशांक न लावता १२.५ टक्के किंवा लावून २० टक्के, यांतला सोयीचा पर्याय घेता येतो. त्यामुळे रोखीचा आग्रह धरण्याचे कारण काही मालकांपुरते तरी सौम्य झाले आहे. कायदा या बाबतीत संदिग्ध नाही : स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख स्वीकारायला २०१५ पासून बंदी आहे आणि स्वीकारणाऱ्याला तेवढाच दंड आहे. पहिल्या घराच्या खरेदीदाराला तर नैतिक प्रश्न बाजूला ठेवून नुसता हिशेब केला, तरी रोखीचा व्यवहार तोट्याचा दिसतो.

याच टप्प्यावर करकपातही लक्षात ठेवावी लागते. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर प्रत्येक हप्त्यातून एक टक्का कापून सरकारकडे भरणे ही खरेदीदाराची जबाबदारी आहे. मालक परदेशात राहणारा असेल तर हा दर एक टक्का नसतो, बराच जास्त असतो. भाऊ अमेरिकेत, वडिलांचे घर दोघांच्या नावावर, अशा व्यवहारांत बोली लावण्याआधीच हे विचारून घ्यावे, असे कर सल्लागार सांगतात. नंतर कळले तर कापलेल्या रकमेवरून ठरलेला सौदा मोडतो.

टोकन आधी की कागद आधी

एजंटांचे म्हणणे असे की टोकनाशिवाय मालक घर बाजारातून काढत नाही. तुम्ही वकिलाकडे फाइल देऊन तीन आठवडे बसाल, तोवर दुसरा येऊन घेऊन जाईल. मालकालाही खात्री हवी असते. कागदांच्या झेरॉक्स दहा अनोळखी लोकांच्या हातात द्यायला तो तयार नसतो.

वकिलांचे म्हणणे नेमके उलटे. टोकन दिले की खरेदीदाराची बाजू कमकुवत होते. मालकी हक्काचा ३० वर्षांचा शोध, आधीच्या सगळ्या करारांची साखळी, भागपत्र, भोगवटा प्रमाणपत्र, मालकाच्या चालू कर्जाची बाकी, सोसायटीची थकबाकी यांत खोट निघाली तर पैसे परत मागताना हात दगडाखाली असतो. पार्किंगचेही तसेच. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद प्रकरणात मुंबईतल्या एका इमारतीबाबत निकाल दिला की स्टिल्टमधली जागा बिल्डर स्वतंत्र फ्लॅट म्हणून विकू शकत नाही. तरीही ‘पार्किंगसह’ म्हणून किंमत चढवली जाते, आणि ते पार्किंग कोणत्या कागदावर आहे हे टोकनानंतर विचारले जाते.

दोन्हींच्या मध्ये एक मार्ग अलीकडे रुळू लागला आहे. टोकन लहान ठेवायचे, ते बँकेतूनच द्यायचे आणि त्याबरोबर एका पानाचा सशर्त कागद करायचा. त्यात एकूण किंमत, त्यात काय काय धरले आहे, सोसायटीचे हस्तांतरण शुल्क कोण भरणार, कागद तपासायला किती दिवस, करार किती दिवसांत आणि मुख्य म्हणजे कोणत्या तीन प्रसंगी टोकन पूर्ण परत मिळणार ते लिहायचे : कर्ज नाकारले गेले तर, मालकी हक्क स्वच्छ नसेल तर, सोसायटीने थकबाकीवरून अडवले तर. हस्तांतरणाच्या अधिमूल्याला सरकारने २००१ मध्ये २५ हजारांची कमाल मर्यादा घातली आहे; ‘इमारत निधी’च्या नावाखाली मागितली जाणारी मोठी रक्कम तिच्यात बसत नाही. तरी ती मागितली जाते, म्हणून कोण भरणार हे आधीच लिहिलेले बरे.

या मार्गावरचा आक्षेप असा की भाव चढे असताना अटी घालणाऱ्या खरेदीदाराला मालक मागे टाकतो. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने मुद्रांक शुल्कात तीन टक्क्यांची तात्पुरती सूट दिली आणि तिची मुदत ३१ डिसेंबरला संपणार होती, तेव्हा नोंदणी कार्यालयांत रांगा लागल्या. अशा घाईच्या काळात अटींचा कागद टिकत नाही. मंदीत तो सहज मान्य होतो. म्हणजे ज्या वेळी संरक्षणाची गरज जास्त, त्याच वेळी ते मिळणे अवघड.

मोडलेला सौदा : टोकन बुडते की परत येते

खरेदीदाराने माघार घेतली तर काय, यावर सर्वोच्च न्यायालयाची भूमिका सहा दशकांत घडत गेली आहे. १९६३ च्या फतेह चंद प्रकरणात न्यायालयाने इसाऱ्याचे, म्हणजे करार पाळण्याची हमी म्हणून दिलेले, एक हजार रुपये विक्रेत्याला ठेवू दिले. पण त्यानंतर दिलेले २४ हजार, करारात जप्तीचे कलम असूनही, आपोआप बुडत नाहीत असे ठरवले. २०१२ च्या सतीश बत्रा प्रकरणात ७० लाखांच्या सौद्यातली सात लाखांची इसाऱ्याची रक्कम विक्रेत्याला ठेवता आली, कारण ती करार पाळण्याची हमी म्हणून दिली होती आणि अट स्पष्ट होती. त्याच निकालाने हेही सांगितले की नुसता किमतीचा हप्ता म्हणून दिलेली रक्कम जप्त करता येत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका बिल्डरविरुद्धच्या प्रकरणात न्यायालयाने २० टक्के जप्तीचे एकतर्फी कलम नाकारून १० टक्के पुरे मानले.

यातून दोन वाचने निघतात. एक असे की पावतीवर फक्त ‘टोकन’ लिहिले आहे, ते हमी म्हणून दिले असे कुठेच म्हटलेले नाही, तर ते परत मिळायला हवे. दुसरे असे की किंमत, घर आणि मुदत ठरली, व्हॉट्सॲपवर ‘डन’ आले, म्हणजे करार झाला आणि माघारीची किंमत मोजावी लागणार. दोन्ही वाचनांना आधार आहे. निकाल कागदावरच्या शब्दांवर अवलंबून राहतो, आणि बहुतेक पावत्यांवर शब्दच फार थोडे असतात.

मालकाने माघार घेतली तर? मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार नुसत्या विक्रीच्या करारामुळे घरात हक्क निर्माण होत नाही. मात्र दिलेल्या आगाऊ रकमेपुरता खरेदीदाराचा त्या मालमत्तेवर बोजा असतो. विनिर्दिष्ट अनुतोष कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीमुळे करार पूर्ण करून मागण्याचा दावा पूर्वीपेक्षा भक्कम झाला आहे. पण दिवाणी न्यायालयातला दावा वर्षानुवर्षे चालतो आणि पहिल्या घरासाठी धडपडणाऱ्याला तेवढी वर्षे भाडे भरत थांबणे परवडत नाही. म्हणून व्यवहारात मालक टोकन परत करतो, फार तर वर थोडी रक्कम देतो आणि प्रकरण मिटते. मालकाने माघार घेतल्यास दुप्पट टोकन परत द्यावे, अशी अट काही जण आता पावतीत घालतात. न्यायालये सगळी दुप्पट रक्कम देतीलच असे नाही, कारण करार कायद्यात वाजवी भरपाईचीच कल्पना आहे. तरी मालकाला दोनदा विचार करायला ती भाग पाडते.

एजंट कोणाचा

रेराने एजंटांना नोंदणी सक्तीची केली आणि महारेराने २०२३ मध्ये प्रशिक्षण व प्रमाणपत्राचीही अट घातली. पण ती नोंदणी लागू होते रेरात नोंदवलेल्या प्रकल्पांतल्या विक्रीला. दहा वर्षे जुन्या सोसायटीतला फ्लॅट दाखवणाऱ्या एजंटवर तिचा अंमल नाही. तो दोन्ही बाजूंकडून दलाली घेतो, साधारणपणे किमतीच्या टक्क्यात, त्यामुळे आकडा वाढला तर त्याचे नुकसान होत नाही. एजंटांचे उत्तर असे की त्यांचे खरे हित सौदा पार पडण्यात असते. लाखभराच्या फरकाने एका बाजूच्या दलालीत हजार रुपयांचाच फरक पडतो. ते खरेच आहे. पण त्याच कारणाने त्यांना घाईही हवी असते, आणि टोकन लवकर देण्याचा सल्ला या घाईतून येतो. एजंटकडून घराची माहिती घ्यावी, कायद्याचा सल्ला घेऊ नये, या भूमिकेवर ग्राहक कार्यकर्ते आणि वकील एक आहेत.

इतर ठिकाणची रीत

आपल्याकडच्या प्रश्नावर इतर देशांनी काढलेले तोडगे उपयोगी पडतात का, हे पाहणे रास्त आहे. इंग्लंडमध्ये बोली स्वीकारली गेली तरी करारांची अदलाबदल होईपर्यंत ती कोणालाच बांधत नाही; खरेदीदार सावकाश तपासणी करू शकतो, पण मालक मध्येच जास्त बोलीकडे वळू शकतो. स्कॉटलंडमध्ये बोली वकिलामार्फत लेखी जाते, अनेकदा बंद पाकिटात, आणि घराचा तपासणी अहवाल मालकाने आधीच तयार ठेवायचा, असा नियम २००८ पासून आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात करारानंतर पाच कामकाजी दिवस माघारीची मुभा असते आणि तसे केल्यास किमतीचा पाव टक्का जातो. लिलावात घेतलेल्या घराला मात्र ही मुभा नाही. प्रत्येक पद्धतीने धोक्याचे ओझे कोणावर तरी टाकले आहे. महाराष्ट्रात ते कोणावर टाकायचे हे ठरलेलेच नाही, म्हणून ते जास्त गरजू असलेल्याच्या खांद्यावर जाते.

काय अनुत्तरित आहे

पुनर्विक्रीच्या टोकनाला नमुना पावती असावी का, हा पहिला प्रश्न. महारेराच्या वाटपपत्रासारखा नमुना इथेही हवा, असे म्हणणाऱ्यांच्या बाजूने साधेपणा आहे. विरोधात असा मुद्दा की दोन खासगी माणसांच्या व्यवहारात सरकारने मध्ये पडले की कागद वाढतात आणि व्यवहार रोखीकडे सरकतात. दुसरा प्रश्न पुनर्विक्रीच्या एजंटांचा : त्यांना नोंदणीच्या कक्षेत आणायचे तर कायद्यात बदल लागेल आणि सोसायटीतल्या ओळखीच्या माणसाने दाखवलेले घर कोणत्या बाजूला मोजायचे हे ठरवावे लागेल. तिसरा प्रश्न किमतीच्या माहितीचा. इंडेक्स टू सार्वजनिक आहे, पण इमारतीचे नाव टाकून शेवटचे दहा व्यवहार चौरस फुटाच्या एकाच मापात पाहता येतील, अशी सोय सामान्य खरेदीदाराला सरकारकडून मिळत नाही. ती दिल्यास खासगीपणाचे काय, हा प्रतिप्रश्न आहे, कारण उताऱ्यात नावेही असतात.

चौथा प्रश्न परवडण्याचा, आणि बोलीच्या चर्चेत तो सहसा येत नाही. केंद्राच्या शहरी आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातले व्याज अनुदान ३५ लाखांपर्यंतच्या घराला आहे. मुंबईच्या बहुतेक उपनगरांत त्या किमतीत कुटुंबाला पुरेसा फ्लॅट मिळणे कठीण. २०२५ मध्ये रेपो दर ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला, हप्ते हलके झाले; पण हलक्या हप्त्याने खरेदीदाराची बोलीची ताकद वाढते तशी मालकाची अपेक्षाही वाढते. कमी झालेले व्याज शेवटी कोणाच्या खिशात राहते, यावर अर्थतज्ज्ञांत एकमत नाही.

जिथे एकमत आहे ते एवढेच, आणि ते कमी नाही. आकडा सर्वांत शेवटी येतो. त्याआधी कर्जाची मर्यादा, हातातली रोकड, इमारतीतले खरे व्यवहार आणि मालकाचे कागद यायला हवेत. आजच्या बैठकीत हा क्रम उलटा आहे : आकडा आधी, पैसे लगेच आणि माहिती शेवटी. नव्या प्रकल्पांत कायद्याने हा क्रम बराचसा सुलट केला, त्यालाही १९६३ ते २०१७ एवढा काळ लागला. पुनर्विक्रीत तसे काही होईपर्यंत पहिल्यांदा घर घेणाऱ्याला हा क्रम स्वतःच पाळावा लागेल, आणि त्यासाठी टोकन मागितले जाईल तेव्हा ‘कागद पाहून चार दिवसांत सांगतो’ असे म्हणण्याची तयारी ठेवावी लागेल. काही घरे त्यामुळे हातची जातील. ती जाण्याची किंमत आणि कागद न पाहता अडकण्याची किंमत यांची तुलना मात्र त्याला स्वतःलाच करावी लागेल.